क्रिएटिनीन नॉर्मल आहे, मग वजनाची काळजी कशाला?

सिडकोतल्या एका ताईंनी विचारलं आहे: "माझे मिस्टर ४२ वर्षांचे आहेत, अंबड एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी. उंची ५ फूट ६ इंच, वजन ९६ किलो. शुगर नाही, बीपी १३८/८८. कंपनीच्या तपासणीत लघवीत प्रोटीन १+ आलं. पण क्रिएटिनीन ०.९ आहे म्हणून ते म्हणतात, 'किडनी एकदम फर्स्टक्लास.' माझे मोठे दीर वर्षभरापासून डायालिसिसवर आहेत आणि यांनी किडनी द्यावी असं घरात चाललंय. नुसत्या वजनाने किडनी खराब होते का? जिममधला मुलगा प्रोटीन पावडर घ्या म्हणतो, नणंदेने वजन उतरवायचं चूर्ण आणून ठेवलंय. काय करू?"

ताई, होते. शुगर नसताना, बीपी फारसं नसताना, नुसत्या वजनानेही होते. पण प्रत्येक जाड माणसाची होत नाही, आणि ज्याची होते त्याची एका रात्रीत होत नाही. तुमच्या मिस्टरांचा रिपोर्ट या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते क्रिएटिनीन. वीसेक वर्षं नाशकात किडनीचे पेशंट बघतोय, आणि "क्रिएटिनीन नॉर्मल आहे" हे वाक्य ओपीडीत सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय. क्रिएटिनीन म्हणजे स्नायूंतून निघणारा कचरा. किडनीची गाळण्याची ताकद जवळपास निम्मी गेली तरी तो आकडा बऱ्याचदा नॉर्मलच्या चौकटीत राहतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आपण सगळे गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो ना? पाणी पायाशी आलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. क्रिएटिनीन हलायला लागतं तेव्हा पाणी मारुतीच्या छातीशी आलेलं असतं. लघवीत प्रोटीन दिसणं म्हणजे पाणी पायाला लागणं. गोदाघाटावरचे दुकानदार टपऱ्या कधी हलवतात? पाणी पायाशी असतानाच. तुम्ही आत्ता तिथे आहात, आणि खरं सांगायचं तर तिथे असताना कुणी विचारायला येत नाही. तुम्ही आलात.

आता एक गंमत सांगतो, जी रिपोर्टवर छापलेली नसते. वय ४२, पुरुष, क्रिएटिनीन ०.९ हे सूत्रात घातलं की ईजीएफआर येतो साधारण १०९. म्हणजे मिनिटाला १०९ मिली गाळणं. पण हा आकडा १.७३ चौरस मीटर क्षेत्रफळाच्या शरीराच्या हिशेबाने मांडलेला असतो. ९६ किलोच्या, साडेपाच फुटांच्या माणसाच्या शरीराचं क्षेत्रफळ भरतं २.१ चौरस मीटरच्या आसपास. तो हिशेब उलटा फिरवला की प्रत्यक्ष गाळणं निघतं मिनिटाला १३० च्या वर. मिस्टर याला फर्स्टक्लास म्हणतात. आम्ही याला ओव्हरटाइम म्हणतो. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षांच्या ओव्हरटाइमने मशीनचं काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

हे होतं कसं? प्रत्येक किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे बारीक गाळण्या, असतात, माणसागणिक बरेच कमी-जास्त. ही शिदोरी आईच्या पोटातच मिळते. जन्मानंतर एकही नवा तयार होत नाही. वजन ६५ असो की ९६, नेफ्रॉन तेवढेच. शरीर वाढलं की गाळायचं काम वाढतं, ते वाटून घ्यायला जास्तीचे हात नसतात. मग प्रत्येक नेफ्रॉनमधली ती बारीक केशवाहिन्यांची गुंडाळी, जिला ग्लोमेरुलस म्हणतात, फुगते आणि तिच्यातला दाब वाढतो. यात मिठाचा एक छुपा खेळ आहे. जाड माणसाची किडनी गाळलेल्यातलं मीठ वरच्या वरच जास्त परत ओढून घेते. पुढच्या भागात मीठ कमी पोचतं, तिथल्या पेशींना वाटतं गाळणंच कमी पडतंय, आणि त्या आत येणारी रक्तवाहिनी सैल सोडतात. त्यात पोटातली चरबी गप्प बसलेली नसते. तिच्यामुळे अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन हे हार्मोन वाढतात आणि बाहेर जाणारी रक्तवाहिनी आवळली जाते. नळ पूर्ण उघडा, पुढची पाइप दाबलेली. मधल्या चाळणीचं काय होणार?

त्या चाळणीवर पोडोसाइट नावाच्या पेशी बोटं पसरून बसलेल्या असतात. चाळणी फुगली की यांची बोटं ताणली जातात. या पेशी गेल्या की त्यांची जागा भरायला नव्या जवळपास येतच नाहीत. ताणून ताणून काही सुटतात, तिथून प्रोटीन गळतं, आणि पुढे त्या जागी व्रण धरतो. लठ्ठपणामुळे होणारा हा आजार वैद्यकीय जर्नलमध्ये पहिल्यांदा ठळकपणे आला १९७४ मध्ये. अमेरिकेत १९८६ ते २००० या काळातल्या ६,८१८ किडनी बायोप्सी तपासल्या, तेव्हा याचं प्रमाण ०.२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. दहापट. यातला पेशंट बाहेरून ठणठणीत दिसतो. पायाला सूज नसते, लघवी भरपूर होते, कंबर दुखत नाही. लघवीला फेस येतो तेवढाच, आणि तो कोण बघतं?

वजन आणि किडनी फेल होणं यांचा सरळ संबंध दाखवणारा जो अभ्यास मी पेशंटना नेहमी सांगतो, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर कॅलिफोर्नियात १९६४ ते १९८५ या काळात आरोग्य तपासणीला आलेले ३ लाख २० हजार लोक, सरासरी २६ वर्षं त्यांचा माग काढला. योग्य वजनाच्या लोकांच्या तुलनेत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ ते ३० असणाऱ्यांची किडनी निकामी होण्याची शक्यता १.८७ पट, ३० ते ३५ मध्ये ३.५७ पट, ३५ ते ४० मध्ये ६.१२ पट आणि ४० च्या वर ७.०७ पट. शुगर आणि बीपीचा हिशेब वेगळा काढल्यावरही संबंध शिल्लक राहिला. तुमच्या मिस्टरांचा बीएमआय ३४ आहे, म्हणजे साडेतीन पटीच्या रांगेत.

थांबा, लगेच घाबरू नका. त्याच अभ्यासात एवढ्या वर्षांत किडनी पूर्ण निकामी झालेले लोक होते १,४७१. अर्ध्या टक्क्याहून कमी. साडेतीन पट ही लहान आकड्याची साडेतीन पट आहे. मग मी एवढं का लिहितोय? कारण तुमच्याकडे नुसतं वजन नाही. वजन आहे, लघवीत प्रोटीन आहे, बीपी उंबरठ्यावर आहे आणि सख्खा भाऊ डायालिसिसवर आहे. चारही एका घरात आले की तो लहान आकडा लहान राहत नाही.

आणि ते आकडे अमेरिकेचे. आपल्या अंगाचा हिशेब वेगळा आहे. पुण्याचे डॉ. चंद्रशेखर याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के, युडकिनांच्या ९.१ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीचे, असे आपण. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ ला जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात, आणि पोटाचा घेर पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० सेंमीपर्यंत ठीक. इथे पुरुष मंडळी हमखास फसवतात, स्वतःलाच. "माझी पँट ३४ ची आहे" म्हणतात. पँट पोटाच्या खाली बांधलेली असते! टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावा, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. येईल तो आकडा लिहून ठेवा.

एक गोष्ट सासूबाईंना विचारा: मिस्टर जन्मले तेव्हा वजन किती होतं? घरी बाळंतपण झालं असेल तर निदान "लहानखुरं होतं का, दिवस भरायच्या आधी झालं का" एवढं तरी. अडीच किलोच्या आत जन्मलेल्या मुलांना नेफ्रॉनची शिदोरीच कमी मिळालेली असू शकते. लहानपणी अर्धपोटी आणि चाळिशीत ९६ किलो, ही जोडी किडनीला सगळ्यात वाईट. पेठ, सुरगाण्याकडून कामासाठी शहरात आलेल्या तरुण पेशंटमध्ये मी हा प्रश्न कधीच चुकवत नाही.

वजन किडनीला आडवाटेनेही गाठतं. शुगर आणि बीपीच्या वाटा सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. मुतखडे जाड माणसांत जास्त होतात. रात्रीचं घोरणं: श्वास अडकत असेल तर बीपी गोळ्यांना दाद देत नाही. मिस्टर घोरतात का, आणि दिवसा बसल्या बसल्या डुलक्या लागतात का, हे तुम्हालाच ठाऊक. शिफ्टमुळे झोप येते असं ते सांगतील. नुसतं ऐकून घेऊ नका. पण मला सगळ्यात जास्त चीड येणारी वाट गुडघ्यांची आहे. वजनाने गुडघे दुखतात, माणूस मेडिकलमधून डायक्लोफेनॅक नाहीतर अॅसिक्लोफेनॅक घेतो, बरं वाटतं, मग पाकीटच खिशात ठेवतो. आत येणारी जी रक्तवाहिनी किडनीने सैल ठेवलेली असते, ती या गोळ्या आवळतात. तीन-चार वर्षं रोज एक गोळी घेतलेला माणूस माझ्यासमोर बसून "मला कसलंच औषध चालू नाही" असं शपथेवर सांगतो. त्याच्या लेखी ती गोळी औषधच नसते.

आता घरातला अवघड विषय. किडनी देण्याचा. सख्ख्या भावाने भावाला देणं १९९४ च्या कायद्यात बसतं, तुमच्या घरच्यांची इच्छाही चांगली आहे. पण आजच्या रिपोर्टवर कुठलाही जबाबदार डॉक्टर मिस्टरांची किडनी काढणार नाही. एक काढली की उरलेलीला दोघींचं काम उचलावं लागतं. ती आधीच ओव्हरटाइमवर आहे आणि गळतेय. शिवाय दिरांची किडनी कशामुळे गेली? तुम्ही लिहिलेलं नाही. कारण कुटुंबातलं निघालं तर प्रश्न दोघांचाही आहे. दिरांची जुनी फाइल, सोनोग्राफी, असल्यास बायोप्सी रिपोर्ट, सगळं एकत्र काढा. घरी कुणी "भावासाठी एवढं करत नाही" असं म्हणालं तर ते तुमच्यावर घेऊ नका, माझ्यावर ढकला. डॉक्टर नाही म्हणाले, विषय संपला. वजन उतरून, प्रोटीन थांबून, नव्याने सगळ्या तपासण्या झाल्या तर पुन्हा बघू, आज वचन देऊ नका.

आणि हो, हे वाचून दिरांना उपाशी ठेवू नका. डायालिसिसवरच्या माणसाचं गणित उलटं आहे. तिथे अंगाने भरलेले पेशंट बारीक पेशंटपेक्षा जास्त वर्षं काढताना दिसतात, हे जगभरच्या आकडेवारीत आलंय. डायालिसिसला स्नायू झिजतात, अन्न जात नाही. ज्याचं वजन आपोआप उतरतंय त्याची आम्हाला जास्त काळजी वाटते. त्यांच्या सेंटरमध्ये "दोन किलो वजन वाढलं" म्हणतात ते पाण्याचं. ते वेगळं.

मिस्टरांच्या तपासण्या आधी नीट करू. १+ ही पट्टीवरची तपासणी आहे, ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीच्या दणकून व्यायामानेही येऊ शकते. सकाळच्या पहिल्या लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनीन रेशो करा, लॅबमध्ये 'एसीआर' म्हटलं की कळतं. ३० च्या आत असेल तर उत्तम. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, ३०० च्या वर म्हणजे जास्त. जास्त आलं तर तीन महिन्यांत पुन्हा. एका रिपोर्टवर कुणाला किडनीचा पेशंट म्हणायचं नसतं. रात्रपाळी असेल तर 'सकाळची पहिली' म्हणजे झोपून उठल्यावरची पहिली, मग ती दुपारी दोनची का असेना. सोबत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), रक्तातल्या चरबीच्या तपासण्या, किडनीची सोनोग्राफी. बीपी घरी आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ.

वजन किती उतरवायचं? ९६ चे ६५ करा असं मी कधीच सांगत नाही, ऐकूनच माणूस मिसळीच्या दुकानात जातो. स्पेनमध्ये लघवीतून प्रोटीन जाणाऱ्या ३० जाड पेशंटवर एक छोटा प्रयोग झाला होता, २००३ मध्ये छापून आला. आहार कमी केलेल्यांचं वजन पाच महिन्यांत सरासरी ४ टक्केच उतरलं, पण प्रोटीनची गळती ३१ टक्क्यांनी कमी झाली. तुमच्या हिशेबात ४ टक्के म्हणजे ९६ चे ९२. एवढ्यावर सुरुवात करा. वर्षभरात ८७ ला आले तर मी पेढे मागेन, आणि ते तुम्हीच खा असंही सांगेन, कारण मिस्टरांना द्यायचे नाहीत.

खाण्याचं लांबण लावत नाही. मिसळ नाशिककराला बंद करायला सांगणारा डॉक्टर पेशंट गमावतो. महिन्यातून एकदा खा, मटकी जास्त, फरसाण नावाला, तर्री दुसऱ्यांदा नाही, पाव दोनाऐवजी एक, पापड ताटात येऊच देऊ नका. खरा शत्रू ड्रॉवरमधला आहे: शिफ्टमध्ये चहाबरोबर चाललेला कोंडाजी थाटाचा चिवडा, बिस्किटं, आणि साखरेचा पाचवा चहा. मीठ दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. लोणचं, पापड, फरसाण त्यातच मोजायचे. किडनीच्या आतला दाब मिठाने वाढतो आणि बीपीच्या चांगल्या गोळ्यांचा गुणही मिठाने जातो. आणखी एक, भाकरी खाल्ली की वजन उतरतं हा समज सोडा. पोळीच्या जागी भाकरी चांगलीच, पण तीन भाकऱ्या या तीन भाकऱ्याच असतात. चालायला गोल्फ क्लब मैदान किंवा कृषीनगरचा ट्रॅक बरा. उत्साहात पहिल्याच रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला नेऊ नका, गुडघे धरून बसतील आणि मग ती दुखण्याची गोळी येईल.

जिममधल्या पोराला नम्रपणे नाही म्हणा. तरुण, निरोगी किडनीला पावडर सहसा काही करत नाही, पण ज्याच्या चाळणीतून प्रोटीन गळतंय त्याला जास्तीचं प्रोटीन म्हणजे ओव्हरटाइमवर डबल ड्युटी. डाळ, उसळ, दही, अंडं यातून लागतं तेवढं मिळतं.

बीपी घरीही वरच राहिलं आणि गळती पक्की झाली तर टेल्मिसार्टनच्या घरातली गोळी लागेल. ती बाहेरची वाहिनी सैल करून चाळणीवरचा दाब उतरवते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मुळात शुगरच्या गोळ्या, पण शुगर नसलेल्या किडनीच्या पेशंटनाही उपयोगी ठरल्या आहेत. वजनाच्या इंजेक्शनांबद्दल हल्ली सगळेच विचारतात. सेमाग्लुटाइडवर २०२४ मध्ये मोठा अभ्यास आला, किडनीचे गंभीर परिणाम २४ टक्क्यांनी कमी झाले, पण ते सगळे पेशंट मधुमेहाचे आणि किडनी आधीच दुखावलेले होते. मिस्टरांना ते आज लागत नाही. पुढे लागलं तर तपासून देऊ. मित्राने मागवलंय म्हणून टोचून घ्यायचं औषध ते नव्हे. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी पडलं तर किडनीच बसते.

राहिलं चूर्ण. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. वैद्याने तपासून, नाव लिहून दिलेलं औषध वेगळं, आणि पाकिटावर काहीच न लिहिलेली पूड वेगळी. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या एका स्लिमिंग क्लिनिकने वजन उतरवायच्या कॅप्सूलमध्ये चिनी वनौषधी घातली. एका वनस्पतीच्या जागी भलतीच, अरिस्टोलोकिया वर्गातली, आली. शंभराहून जास्त जणींच्या किडन्या दुखावल्या, अनेकींना डायालिसिस किंवा प्रत्यारोपण लागलं, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. बहुतेक जणी चांगल्या धडधाकट होत्या, फक्त थोडं वजन कमी करायला गेल्या होत्या. तुमच्या नणंदेच्या चूर्णात तेच असेल असं मी म्हणत नाही. त्यात काय आहे हे तिलाही माहीत नाही, माझा आक्षेप एवढाच.

नणंदेशी भांडू नका. चूर्ण कपाटात वर ठेवा, मिस्टरांना देऊ नका, फेकूही नका. एसीआरचा रिपोर्ट आणि दिरांची फाइल घेऊन याल तेव्हा तो डबा, आणि मिस्टरांच्या खिशात गुडघ्याची गोळी सापडली तर तीही, पिशवीत टाकून आणा.